मलेशियाचा पत्ता

"खंडेनवमीला मशीन कुणी चालवली?"

धैर्यशीलराव मोरबाळे ओरडले तेव्हा शेडमध्ये लेथ चालू होते. मग एकेकानं आपापला लेथ बंद केला आणि नुसता मालकांचाच आवाज राहिला.

"जमादार, तुमालाच इचारतोय. असं इकडंतिकडं बगू नका."

दस्तगीर जमादार पुढे आले. मोरबाळे पंप्सच्या ड्रॉइंग खात्याचे मुख्य. साठीला टेकलेले, अंगानं काटक, चष्मा कपाळावर आणि कपाळावर आठी. मला हा माणूस पहिल्या भेटीपासून आवडला नव्हता. काहीही विचारा, आधी तुम्हाला खालून वर बघायचा आणि मग म्हणायचा, "कशापायी पायजे?"

"मी न्हाई चालवली मालक," ते म्हणाले.

"मग आपोआप चालली? त्या मशिनीपाशी तुमच्याशिवाय बसतं कोण?"

"खंडेनवमीला मी मशिनीला हात लावीन व्हय?"

"तुमाला काय हो खंडेनवमीचं!"

हे मालक बोलायला नको होते. तिथल्या तीसेक माणसांनी माना खाली घातल्या. जमादारांचा चेहरा काळवंडला. "त्या दिवशी नारळ मीच फोडतोय मालक," ते म्हणाले. "तुमचे वडील होते तवापासनं."

"नारळ फोडला आणि माझंच डोकं फोडलं! चोर निघाला तुमी, चोर! उद्या दुपारी फौजदार येणार हायत. काय सांगायचं ते त्यांना सांगा."

मालकांच्या मागे कागद हातात धरून मी उभी होते. हा सगळा तमाशा माझ्या शब्दावर चालला होता.

मी सुरेखा डोईफोडे. तेव्हा पुण्याच्या एका छोट्या कंपनीत होते. कारखान्यांच्या, पतपेढ्यांच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यात कुठून काय झिरपतंय ते शोधायचं, हे आमचं काम. मला ते फार मानवलं होतं, कारण माझा स्वभावच संशयी. आई म्हणायची, ही देवळातनं बाहेर आली की चपला आपल्याच आहेत ना, ते आधी उलट्या करून बघते.

मोरबाळ्यांचं दुखणं साधं होतं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतला त्यांचा कारखाना विहिरीत सोडायचे पंप करायचा. नव्या पंपाच्या इंपेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या चाकावर, त्यांनी दोन वर्षं घालवली होती. आणि तो बाजारात यायच्या आधीच बेळगावच्या एका कारखान्यानं हुबेहूब तसलं चाक घातलेला पंप आणला. ड्रॉइंगं आतून फुटली होती, ह्यात शंकाच नव्हती. प्रश्न एवढाच, की फोडली कुणी. एकदा फोडणारा पुन्हा फोडणार, म्हणून मला बोलावलं होतं.

सगळी ड्रॉइंगं एका जुन्या परदेशी कॉम्प्युटरवर होती. कपाटाएवढं धूड ते. कारखान्यात त्याला हत्तीच म्हणायचे. तो कधी बंद करत नसत, कारण एकदा बंद केला की पुन्हा उठायला अर्धा दिवस घ्यायचा. दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी त्या हत्तीत एक प्रोग्रॅम बसवून गेले होते. तारेवरून जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याची तो नक्कल ठेवायचा: कुणाकडून, कुणाला, किती. हे फक्त मालकांना ठाऊक होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत आले, ती नक्कल माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचायला दिली. चुटकीसरशी उत्तर. खंडेनवमीला दुपारी हत्तीतून ड्रॉइंगांचा भलामोठा गठ्ठा बाहेर गेला होता आणि तो सगळा एकाच पत्त्यावर: २०२.४.२०.१०.

कॉम्प्युटरचे पत्ते असे चार आकड्यांचे असतात. कारखान्याच्या आतल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते दहानं सुरू व्हायचे. हा दोनशे दोननं सुरू होत होता. म्हणजे बाहेरचा.

"बाहेरचा म्हणजे कुठला?" मालकांनी केबिनमध्ये विचारलं होतं.

"आशियातल्या पूर्वेकडच्या देशांना असले पत्ते दिलेले असतात. नेमका देश सांगायला थोडा वेळ लागेल."

तेवढ्यात मालकांचे जावई रणधीरराव चहा घेऊन आत आले. शिपायाच्या हातून ट्रे घेऊन स्वतः. विक्रीचं खातं त्यांच्याकडे होतं. गोरेगोमटे, बोलणं मधाळ, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर मॅडम". मला माणूस समंजस वाटला.

"पूर्वेकडचे म्हणजे मलेशिया वगैरे?" त्यांनी विचारलं.

"तोही त्यातच."

"नाही, सहज आपलं." त्यांनी साखर ढवळली. "जमादारांची मुलगी दिलीय तिकडे. तिचा नवराही कसल्याशा यंत्रांच्याच धंद्यात आहे म्हणतात. पण जमादार तसे नाहीत हो."

मालकांचा कप तोंडाशीच थांबला. आणि मी? मला आतून आनंद झाला. खोटं कशाला बोलू! आकडा आकड्याला जुळला, माणूस माणसाला जुळला, की मला पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटायचं. त्यात जमादारांचं ते "कशापायी पायजे?" मला आधीच झोंबलेलं होतं. "शक्यता आहे," मी म्हटलं. मालकांना तेवढं पुरलं आणि ते तरातरा शेडमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉइंगच्या खोलीत फौजदारांसाठी रिपोर्ट लिहीत बसले होते. दार ढकलून जमादार आत आले. कालचाच सदरा, डोळे लाल.

"तुमी लावलेली आग न्हवं ही?"

"मी काही लावलेलं नाही. यंत्रात जे दिसलं ते सांगितलं."

"काय दिसलं?"

"खंडेनवमीला दुपारी इथून ड्रॉइंगं गेली. बाहेरच्या देशात."

"इथनं म्हंजे ह्या मशिनीवरनं?" त्यांनी हत्तीवर हात ठेवला. "बाई, खंडेनवमीला ह्याची पूजा केली. हळदकुंकू लावलं, ह्या टायपायच्या बटनांवर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, वरनं कापड घालून सुतळीनं बांधलं. दसऱ्याला सकाळी मालकांनी आपल्या हातानं सुतळी सोडली. दरसाल तेच सोडतात. अक्षता तिथंच. फूल तिथंच. मालकांनीच बोटानं वेचून काढल्या. कुणी टायपिंग केल्यावर अक्षता जाग्याला ऱ्हातील व्हय?"

"परत टाकता येतात अक्षता."

माझ्या तोंडून हे निघालं आणि जमादारांनी हत्तीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "तुमच्या घरात पूजा करतात का न्हाई हो बाई?" आणि निघून गेले. गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत जाऊन बसले. फौजदार येईपर्यंत बाहेर जायचं नाही, असा मालकांचा कालपासूनच हुकूम होता.

मला राग आला, पण पेन काही पुढे सरकेना. मी मालकांना जाऊन विचारलं, "अक्षता तुम्हीच काढल्यात?"

"व्हय की. हळदीसकट बटनांना चिकटल्या होत्या, नखानं खरवडून काढल्या. का?"

चिकटलेल्या. ओल्या हळदीत पडून वाळलेल्या. त्या परत तशा टाकता येत नाहीत. म्हणजे त्या दिवशी बटनांना कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. मग एक तर कुणीतरी लांबून हत्तीला हुकूम सोडला असणार, नाही तर माझा रिपोर्ट खोटा असणार.

मी पुण्याला आमच्या साहेबांना, पेठे सरांना फोन लावला आणि सॉफ्टवेअर चुकू शकतं का, ते विचारलं. "सॉफ्टवेअर दोन वर्षं वापरतोय आपण," ते म्हणाले. "रिपोर्ट दे आणि रात्रीच्या गाडीनं ये. डोकं खाऊ नकोस."

पण डोकं खाणं हाच माझा धंदा. मी परत आकड्यांपाशी आले. एवढा मोठा गठ्ठा किती वेळात गेला? मिनिटभरात. आणि ह्या कारखान्याची बाहेरच्या जगाशी जोडणी कशावर? टेलिफोनच्या तारेवर! तेव्हा एक फोटो यायचा म्हटलं तरी माणूस चहा पिऊन यायचा. त्या तारेवरून ही ड्रॉइंगं जायला अख्खी रात्र लागली असती. मग मिनिटात मलेशिया कसं गाठलं, विमानानं?

अगं बाई, हे काल का नाही दिसलं तुला! मी कपाळावर हात मारून घेतला. काल दिसलं नाही, कारण काल मला चोर सापडला होता.

मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि ती नक्कल कच्च्या आकड्यांत उघडून डोळ्यांनी वाचायला बसले. तासाभरात सापडलं.

दोन तऱ्हेचे कॉम्प्युटर असतात. एक मोठा आकडा आधी लिहितो, दुसरा लहान आधी. आपणच नाही का, पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, तसं. हत्ती मोठा आकडा आधी लिहिणारा, माझा लॅपटॉप लहान आधी. म्हणून नकलेच्या अगदी सुरुवातीला एक खूण असते. ती उलटी दिसली की वाचणाऱ्यानं समजायचं, ही वही दुसऱ्या जातीच्या यंत्रानं लिहिलीय, हिचे आकडे उलटून घ्या. आमचं सॉफ्टवेअर ते बरोबर करत होतं. पण उलटायचं ते फक्त हत्तीनं स्वतः टाकलेल्या नोंदींचं. पुडक्यावरचा पत्ता हत्तीच्या मर्जीचा नसतो. तारेवरून जाणारा पत्ता कुठल्याही यंत्रानं पाठवला तरी जगभर एकाच क्रमानं लिहायचा, असा नियम आहे. त्याला हात लावायचा नसतो. आमच्या शहाण्या सॉफ्टवेअरनं उत्साहाच्या भरात तोही उलटून टाकला होता. दोन वर्षं आम्ही साध्या कॉम्प्युटरांच्याच नकला वाचत होतो, म्हणून ही चूक कधी उघडी पडली नव्हती.

२०२.४.२०.१० नव्हतं ते. १०.२०.४.२०२ होतं. दहानं सुरू होणारं. तारेवरून ड्रॉइंगं कारखान्याच्या बाहेर गेलीच नव्हती.

पत्त्याबरोबर दाराचाही एक आकडा असतो, कुठल्या कामासाठी पुडकं आलंय ते सांगणारा. रिपोर्टात तो ७७० होता आणि मला त्याचा अर्थ लागला नव्हता. हा आकडा यंत्र दोन तुकड्यांत ठेवतं, पहिला तुकडा दोनशे छप्पन्नच्या पटीत: ७७० म्हणजे तीन आणि दोन. ते सुलटे केले तर दोन आणि तीन, म्हणजे ५१५. तो मला झोपेतही ओळखता आला असता. छपाई! ड्रॉइंगं कुठल्यातरी प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदावर नकाशे छापणाऱ्या यंत्रावर गेली होती. छापलेली गुंडाळी बाहेर न्यायला तार लागतच नाही. हत्तीला तसा हुकूम देणारा कॉम्प्युटरही आतलाच होता. त्याचा पत्ता होता १०.२०.४.२०३. अगदी शेजारचा.

कारखान्यात प्लॉटर दोनच होते. एक इथे, माझ्या डोळ्यांसमोर. त्याच्या दर्शनी पट्टीवर पत्त्याचा शेवटचा आकडा होता दोनशे एक. दुसरा कुठे आहे ते शिपायाला विचारलं.

"माडीवर. जावईबापूंच्या खोलीत."

मी वर गेले. रणधीरराव टेबलाशी बसले होते.

"या मॅडम! इकडे कशा काय?"

"प्लॉटर बघायचाय."

"तो? तो बंदच असतो हो. जाहिरातीचे फलक छापायला घेतला होता." ते उठून माझ्या आणि प्लॉटरच्या मधे आले. हसत होते, पण बाजूला होत नव्हते. "रिपोर्ट झाला का तुमचा?"

"झाल्यातच जमा आहे."

"जमादारांचं वाईट वाटतं. पण काय करणार, पुरावा तो पुरावा."

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि त्यांच्या कडेनं हात घालून बटन दाबलं. पट्टीवर हिरवी अक्षरं उमटली. शेवटचा आकडा दोनशे दोन. टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे मी नुसतं बघितलं. त्यांनी माझं बघणं बघितलं. आता ते हसत नव्हते.

मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि पंचवीसपासून सगळं समजावून सांगितलं. मालकांचं डोकं चलाख होतं, त्यांना ते लगेच कळलं. कळल्यावर मात्र ते खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

"कालचा कागद हाय न्हवं अजून?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"मलेशियाचा. तोच ऱ्हाऊ दे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडलेच.

"अहो, तो चुकीचा आहे!"

"बाई, लेक दिलीय मी त्याला. माझी वैजू. दिवाळीला तिचं बाळंतपण हाय." "जमादारांना मी जेलात न्हाई जाऊ देत. फौजदारांना सांगून मिटवतो. नुसतं घरी बसवतो. पगार देतो जलमभर. मग तर झालं?"

"आणि चोर म्हणालात ते?"

त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"फौजदारांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा मालक," मी म्हटलं. "पण त्या कागदावर माझी सही मिळणार नाही. आणि मला विचारलं, तर मी हेच सांगणार." आमच्या कंपनीचं नाव ह्यात जाणार, पेठे सर मला उभी सोलणार, हे दिसत होतं. पण जमादार खाली वॉचमनच्या खोलीत बसले होते, तेही दिसत होतं.

मालकांनी बराच वेळ टेबलावरची काच पुसली. मग इंटरकॉम उचलला. "रणधीरराव, खंडेनवमीला तुमी वर काय छापलं?"

पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. काही आलंच नसावं. मालक रिसीव्हर कानाला धरून बसले. थोड्या वेळानं खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ते खिडकीशी गेले, गाडी गेटबाहेर पडेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला, येऊ नका म्हणाले आणि टोपी घालून निघाले. मी मागोमाग.

शेडमध्ये कालच्याच जागी ते उभे राहिले. "बंद करा रे मशिना. जमादारांना बोलवा."

जमादार आले. हात मागे बांधलेले, मान ताठ.

"काल हितं उभं राहून मी ह्यांना चोर म्हणालो," मालक म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलंय. आता हेबी ऐका. जमादार चोर न्हाईत. चोर माझ्या घरात हाय. माझा..."

जमादारांनी दोन पावलं टाकली आणि मालकांच्या तोंडावर हात ठेवला. तीस माणसांच्या देखत, मालकाच्या तोंडावर.

"बास मालक. नाव नगं."

"घेऊ द्या मला, जमादार. मी तुमचं घेतलं की."

"माझं घेतलं ते घेतलं. ह्येचं नगं."

मालक रडायला लागले. भला दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. जमादारांनी त्यांना धरलं नाही, की समजूतही घातली नाही. ते फक्त माणसांकडे वळून ओरडले, "बगताय काय? मशिना चालू करा!"

संध्याकाळी मी गेटबाहेर रिक्षाची वाट बघत होते. जमादार सायकल घेऊन बाहेर आले. मी पुढे झाले, हात जोडले, माफी मागितली. चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तुम्ही त्यांना नाव का घेऊ दिलं नाहीत? वैजूताईंसाठी?"

"पोरगी माझ्या मांडीवर वाढली, ते हायच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला खालून वर बघितलं. "पन त्यापायी न्हाई. जावयाचं नाव कुणी सांगितलं मालकांना?"

"मी. म्हणजे त्या नकलेत निघालं."

"त्याच मशिनीत न्हवं? जी काल मलेशिया म्हनत हुती?"

"आता ते दुरुस्त केलंय मी. स्वतः तपासलंय. आणि ते गाडी घेऊन पळाले, बघितलं ना तुम्ही?"

"काल मला बाहेर जाऊ दिलं असतं, तर मीबी पळालो असतो. अशी तोंडं बगायला कोन थांबतंय?"

"अहो, पण मी खात्रीनं सांगते, तेच आहेत!"

जमादारांनी सायकलवर टांग टाकली.

"कालबी तुमी खात्रीनंच सांगत हुता बाई," ते म्हणाले आणि गेले.